बायपासनंतरची ट्रेडमिल: भाचीला आत्याचे कानमंत्र

रिपोर्ट हातात पडला की आपली माणसं थेट शेवटची ओळ गाठतात. तिथे ‘निगेटिव्ह’ दिसलं की पेढे, ‘पॉझिटिव्ह’ दिसलं की रडारड, आणि काल तुला दिसलं तसं ‘इक्विव्होकल’, म्हणजे संदिग्ध, दिसलं की रात्रभर डोळ्याला डोळा नाही. बाळा, ती ओळ सगळ्यांत शेवटी वाचायची असते. परळच्या एका रुग्णालयात टीएमटीच्या, म्हणजे ट्रेडमिल चाचणीच्या, खोलीत माझी सगळी नोकरी गेली. माणसांच्या छातीला इलेक्ट्रोड चिकटवायचे, दंडाला बीपीचा पट्टा बांधायचा आणि ते चालत असताना त्यांच्या चेहऱ्यावरची नजर हटवायची नाही, हे माझं काम. निदान डॉक्टर करतात, ते मी करणार नाही. पण त्या कागदावरचा कुठला आकडा कुठून येतो आणि कुणाला किती वजन द्यायचं, एवढं तुला सांगू शकते. तेवढं कळलं तर सोमवारी डॉक्टरांपुढे तू घाबरून नाही, तयारीने बसशील.

आधी शोध, चाचणी का थांबवली. रिपोर्टच्या एका कोपऱ्यात ते लिहिलेलं असतं: ‘टार्गेट हार्ट रेट अचीव्ह्ड’, ‘फटीग’, ‘लेग पेन’, ‘चेस्ट पेन’ किंवा ‘फॉल इन बीपी’. तू फोटो पाठवलास त्यात दादाच्या, म्हणजे तुझ्या बाबांच्या, नावापुढे ‘फटीग’ आहे. म्हणजे पाय थकले, दम संपला म्हणून तो उतरला. छातीने त्याला उतरवलेलं नाही. या एका शब्दात शेवटच्या ओळीपेक्षा जास्त माहिती आहे. छातीत दडपण आलं म्हणून थांबावं लागलं, किंवा वेग वाढत असताना वरचं बीपी चढायच्या ऐवजी खाली यायला लागलं म्हणून आम्हीच पट्टा बंद केला, असं असतं तर माझा आजचा सूर वेगळा असता. तसे रिपोर्ट घेऊन त्याच दिवशी डॉक्टरांकडे जायचं असतं, सोमवारची वाट बघायची नसते.

मग मिनिटं बघ. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी ब्रूस प्रोटोकॉल चालतो. अमेरिकेत सिअ‍ॅटलला डॉ. रॉबर्ट ब्रूस होते, त्यांनी १९६३ मध्ये तो मांडला आणि अजून तोच चालू आहे. दर तीन मिनिटांनी पट्ट्याचा वेगही वाढतो आणि चढही. पहिल्या टप्प्यात ताशी २.७ किलोमीटर आणि १० टक्के चढ, दुसऱ्यात ४ किलोमीटर आणि १२ टक्के, तिसऱ्यात साडेपाच किलोमीटरच्या आसपास आणि १४ टक्के. तिसऱ्या टप्प्यात भलेभले दमतात. फार अशक्त किंवा वयस्कर माणसांना मॉडिफाइड ब्रूस देतात. त्याची सुरुवात सपाट पट्ट्यावर होते, त्यामुळे मिनिटं जास्त भरतात. म्हणून ‘शेजारचे काका बारा मिनिटं चालले आणि बाबा सातच’ असं म्हणण्याआधी दोघांचा प्रोटोकॉल एकच होता का ते विचार. खरं तर काकांना सोडूनच दे. दादाची तुलना फक्त दादाच्या आधीच्या चाचणीशी करायची.

मिनिटांशेजारी ‘मेट्स’ असतात. माणूस निवांत बसलेला असताना त्याचं शरीर किलो वजनामागे मिनिटाला साधारण ३.५ मिलिलिटर ऑक्सिजन वापरतं, तो झाला १ मेट. ब्रूसचा पहिला टप्पा पुरा केला की यंत्र साधारण ५ मेट्स दाखवतं, दुसरा पुरा केला की ७, तिसरा पुरा केला की १०. हा आकडा रिपोर्टवर बारीक अक्षरात छापलेला असतो आणि घरी कुणी त्याच्याकडे बघत नाही, याचं मला नोकरीभर वाईट वाटत आलं. २००२ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये ६,२१३ पुरुषांचा अभ्यास छापून आला. त्यांच्यात एकेका वाढीव मेटमागे जगण्याची शक्यता १२ टक्क्यांनी सुधारलेली दिसली. ५ मेट्सही न गाठणारे आणि ८ च्या पुढे जाणारे यांच्यात फरक मोठा होता. हृदयाच्या रेषेत काय बदल झाला यापेक्षा माणूस किती दमाने चालला हे पुढच्या आयुष्याबद्दल जास्त सांगून गेलं. दादाचे मेट्स ८ आहेत. दोन वर्षांपूर्वी जिन्याच्या पहिल्या वळणावर कठड्याला टेकून उभा राहणारा माणूस आहे हा. त्या आकड्याखाली पेन्सिलने रेघ ओढ.

फक्त एक विचारून घे: दांडी किती घट्ट धरली होती? पट्टा चढायला लागला की घाबरून पुरुष पुढची दांडी दोन्ही मुठींनी आवळतात आणि अंगाचा भार हातांवर टाकतात. मग पायांना आणि हृदयाला काम कमी पडतं, पण यंत्राला ते कळत नाही. ते वेग आणि चढ बघून मेट्स मांडतं, त्यामुळे आकडा खऱ्याहून फुगतो. मी प्रत्येकाला सांगायची, तोल जाऊ नये इतपत बोटं नुसती टेकवा. पुढच्या वेळी दादाला घरूनच हे सांगून पाठव.

आता नाडी. ‘टार्गेट’ म्हणजे २२० मधून वय वजा करायचं आणि त्याचे ८५ टक्के. दादा ६६ वर्षांचा, म्हणजे १५४ आणि त्याचे ८५ टक्के १३१. त्याची नाडी ११२ पर्यंतच गेली. तू म्हणालीस, “आत्या, बाबांचं हृदय पोचलंच नाही.” अगं, ते न पोचण्याचं कारण बहुतेक त्याच्या गोळ्यांच्या डबीत आहे. बायपासनंतर त्याला मेटोप्रोलॉल चालू आहे. नाडी आवरून धरणं हेच त्या गोळीचं काम. गोळी घेऊन पट्ट्यावर चढलेल्या माणसाची नाडी १३१ ला गेली नाही तर त्यात नवल नाही. पण अशा चाचणीत हृदयावर पुरेसा ताण आलेलाच नसतो, आणि मग निगेटिव्ह आली तरी ती पक्की निगेटिव्ह धरत नाहीत. ‘इक्विव्होकल’ लिहिण्यामागे हेही एक कारण असू शकतं. डॉक्टरांना सरळ विचार.

इथे कानाला खडा लाव: ही गोळी आपल्या मनाने बंद करायची नाही. नाडी वाढावी, चाचणी ‘चांगली’ व्हावी म्हणून दोन दिवस गोळी न घेता आलेली माणसं मी पाहिलेली आहेत. बीटा ब्लॉकर एकदम तोडला की हृदय उसळी घेतं. छातीत दुखू शकतं, झटकासुद्धा येऊ शकतो. चाचणीची तारीख ठरते तेव्हाच डॉक्टरांना विचारायचं, गोळी घेऊन करायची की न घेता. दोन्हीला अर्थ आहे. गोळी थांबवून केलेली चाचणी रक्तपुरवठा कुठे कमी पडतोय का ते शोधते, आणि गोळी चालू ठेवून केलेली चाचणी चालू औषधं पुरी पडतायत का ते सांगते. उत्तर काय मिळालं ते रिपोर्टवरच लिहून ठेव, नाहीतर तीन वर्षांनी दोन रिपोर्ट शेजारी ठेवताना काहीच कळणार नाही.

पट्टा थांबल्यावरच्या पहिल्या मिनिटाकडेही लक्ष दे. नाडी किती उतरली? १९९९ मध्ये क्लीव्हलँड क्लिनिकच्या डॉक्टरांनी दाखवून दिलं की पहिल्या मिनिटात १२ किंवा त्याहून कमी ठोक्यांनी उतरणारी नाडी चांगली नाही. दादाची २० ने उतरली आहे. छान.

एवढं वाचून झालं की मग ईसीजीची रेषा, जिच्यामुळे तुझी झोप उडाली. ताणाखाली हृदयाच्या स्नायूला रक्त कमी पडलं तर ईसीजीतला एसटी म्हणतात तो तुकडा खाली बसतो. १ मिलिमीटर किंवा त्याहून जास्त, आणि सपाट किंवा उतरता बसला, तर चाचणी पॉझिटिव्ह धरतात. दादाच्या रिपोर्टवर ‘अपस्लोपिंग’ म्हटलंय. रेषा खाली गेली, पण लगेच वर चढत गेली. हा बदल तितका भरवशाचा धरत नाहीत. निरोगी माणसांतही जोराच्या चालीवर तो दिसतो.

बायपास झालेल्यांत तर ही रेषा आणखीनच कच्चा साक्षीदार आहे. बायपासला येईपर्यंत बहुतेकांचं हृदय कुठे ना कुठे मार खाऊन आलेलं असतं, त्यामुळे त्यांचा बसल्याजागचा ईसीजीच सरळ नसतो. कुणाला जुन्या झटक्याची खूण, कुणाला बीपीमुळे जाड झालेली भिंत, कुणाला डावा बंडल ब्लॉक. आधीच वाकड्या असलेल्या रेषेत ताणामुळे किती वाकडेपणा वाढला हे सांगणं अवघड. असा डावा बंडल ब्लॉक असेल तर ट्रेडमिलच्या ईसीजीवरून काही ठरवतच नाहीत. ज्यांची रेषा सरळ असते त्यांच्यातही ही चाचणी चुकते. १९८९ मध्ये शेकडाभराहून जास्त अभ्यास एकत्र करून जे आकडे काढले गेले, त्यांत खरा आजार असलेल्या १०० जणांपैकी ६८ जणच हिने पकडले, आणि आजार नसलेल्या १०० पैकी २३ जणांना उगाच पॉझिटिव्ह ठरवलं. म्हणून नुसत्या रेषेवर कुणी हसूही नये आणि रडूही नये. दादाच्या डॉक्टरांनी पुढची स्ट्रेस थॅलियम चाचणी लिहून दिली आहे ती त्याला काही भयंकर झालंय म्हणून नाही. पहिल्या चाचणीने ‘हो’ म्हटलं नाही आणि ‘नाही’ही म्हटलं नाही, म्हणून.

कुणी तुला ड्यूक स्कोअर सांगेल. अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठाचं ते गणित आहे. चाललेल्या मिनिटांतून एसटीच्या मिलिमीटरची पाचपट वजा करायची. त्यातून दुखण्याचे गुण गुणिले चार वजा करायचे. दुखलंच नाही तर ०, दुखलं तर १, दुखण्याने थांबावं लागलं तर २. उत्तर ५ किंवा जास्त आलं तर धोका कमी, उणे ११ किंवा त्याखाली गेलं तर जास्त. कुणी ४ मिनिटांत २ मिलिमीटर बदल होऊन दुखण्याने उतरला तर त्याचे उणे १४ होतात, तो गंभीर. पण या गणितात रेषेलाच मोठं वजन आहे, आणि बायपास झालेल्याची रेषा कशी असते ते आत्ताच सांगितलं. एकट्या या आकड्यावर भिस्त नको.

आता दुखण्याबद्दल. आमच्याकडे लालबागचे एक निवृत्त गिरणी कामगार आले होते. बायपास होऊन बरीच वर्षं झालेली. सहाव्या मिनिटाला त्यांच्या कपाळावर घाम डवरला, ओठ घट्ट मिटले आणि डावा हात त्यांनी नकळत छातीशी आणला. मी विचारलं, “काका, दुखतंय?” ते म्हणाले, “नाय नाय, चालू दे.” मी डॉक्टरांना खूण केली आणि पट्टा थांबवला. नंतर बाकावर बसून पाणी पिताना ते म्हणाले, “बाय, दुखलं म्हटलं असतं तर परत फाडला असता ना.” त्या भीतीने माणसं गप्प बसतात. दादाही त्यातलाच, हे तुला-मला दोघींना माहीत आहे. त्याला सांग, पट्ट्यावर तोंडाने बोलायचं. ‘दडपण आलं’, ‘जबड्यात ओढलं’, ‘चक्कर येतेय’, जे होईल ते त्याच क्षणी. कुठल्या मिनिटाला आणि किती नाडीवर दुखायला लागलं हे त्या चाचणीतलं सगळ्यांत मोलाचं टिपण असतं, आणि ते यंत्र लिहू शकत नाही. शिवाय दादाला मधुमेह आहे. मधुमेही माणसाला हृदयाचं दुखणं कधी कधी जाणवतच नाही, नुसता दम लागतो. त्याच्या बाबतीत ‘एरवीपेक्षा लवकर दम लागला’ हेही दुखण्याइतकंच गंभीरपणे घ्यायचं.

उलट, छातीतलं सगळंच दुखणं हृदयाचं नसतं. छातीच्या मधल्या हाडावर टाके पडलेत, आत तारा आहेत. कूस बदलताना, खोकताना, थंडीत तिथे चमक मारते. डाव्या छातीच्या आतली रक्तवाहिनी काढून हृदयाला जोडलेली असते, त्यामुळे त्या बाजूची कातडी कितीतरी महिने बधिर किंवा झणझणलेली राहते. बोटाने दाखवता येणारी, दाबलं की वाढणारी, क्षणात येऊन जाणारी कळ बहुतेक या जखमेची असते. चढावर येणारं, पूर्ण मुठीने दाखवावं लागणारं, थांबलं की दोन-चार मिनिटांत ओसरणारं दडपण मात्र हृदयाचं समजायचं.

स्ट्रेस थॅलियमची तयारी नीट करून घे. या चाचणीला सगळे थॅलियमच म्हणतात, पण आता बहुतेक ठिकाणी टेक्निशियम वापरतात आणि रिपोर्टवर ‘एमआयबीआय’ लिहून येतं. चुकीची चाचणी केली की काय म्हणून घाबरू नकोस. आपल्या वाशीच्या ‘ब्रिट’ या सरकारी संस्थेतून त्याच्या किट्स देशभर जातात. टेक्निशियमचा किरणोत्सर्ग दर सहा तासांनी निम्मा होतो. तरीही त्या दिवशी दादाने नातवाला मांडीवर घेऊन बसू नये, भरपूर पाणी प्यावं. चाचणीआधी २४ तास चहा, कॉफी, कोला, चॉकलेट बंद. दादाला हे जड जाणार, पण ऐनवेळी गुडघ्यांमुळे चालणं जमलं नाही तर औषधाच्या इंजेक्शनने चाचणी करतात, आणि त्यातल्या नेहमीच्या औषधांचा असर कॅफीन मारून टाकतं. मग सगळा दिवस फुकट जातो. डोकेदुखीच्या काही गोळ्यांतही कॅफीन असतं. दमा असेल तर तारीख घेतानाच सांगायचं, कारण यातली काही औषधं दमेकऱ्याला सोसत नाहीत. त्यांच्यासाठी दुसरा मार्ग असतो. इन्सुलिन आणि साखरेच्या गोळ्या उपाशीपोटी कशा घ्यायच्या हेही आधी विचारून ठेव. दोन वेळा फोटो काढतात, एकदा ताणाचा आणि एकदा विश्रांतीचा. मध्ये तेलकट-तुपकट काही खायला सांगतात, टेक्निशियमचं औषध यकृतातून निघून जावं म्हणून. अर्धा दिवस जातो. डबा घेऊन जा.

तो रिपोर्ट आला की त्यात दोन शब्द शोध. ‘फिक्स्ड’ म्हणजे ताणातही रक्त नाही आणि विश्रांतीतही नाही. तो बहुधा जुन्या झटक्याचा व्रण असतो, नवं काही नाही. ‘रिव्हर्सिबल’ म्हणजे विश्रांतीत रक्त पोचतंय, ताणात कमी पडतंय. ज्याची काळजी करायची ते हे. पण तेही किती मोठं आणि कुठे, हे बघायचं. पुरुषांत छाती आणि पोट यांमधल्या पडद्याची सावली खालच्या भिंतीवर पडते आणि खोटाच डाग दिसतो. अनुभवी डॉक्टर ते ओळखून रिपोर्टमध्ये ‘अटेन्युएशन’ असं लिहितात. आणि ‘सेप्टल मोशन’ विचित्र आहे असं थॅलियमवर किंवा टूडी इकोवर लिहून आलं तर दचकू नकोस. छाती उघडून ऑपरेशन झालेल्या पुष्कळ लोकांत हृदयाचा मधला पडदा असा वेगळा हलतो. त्या भागात रक्त व्यवस्थित असेल तर त्याला आजार म्हणत नाहीत. माझ्या डोळ्यांदेखत या एका वाक्याने किती घरं हवालदिल झाली!

यापुढचं मात्र सावकाश वाच, कारण बायपास झालेल्याच्या रिपोर्टचा खरा अर्थ इथेच लागतो. कुठल्या भिंतीला रक्त कमी पडलं, हे कुठला ग्राफ्ट, म्हणजे बायपासची नवी नळी, कुठे जोडलाय त्याच्याशी जुळवून बघावं लागतं. पुढची भिंत, मधला पडदा आणि टोक यांना एलएडी ही नळी रक्त देते. तिला सहसा छातीतली रक्तवाहिनी, लिमा, जोडतात. बाजूच्या भिंतीला बहुतेक ओएम, खालच्या भिंतीला बहुतेकांत पीडीए रक्त देते. या दोघींना पायातून काढलेली शीर लावतात, ती ऑपरेशनच्या कागदावर एसव्हीजी अशी लिहिलेली असते. लिमा चिवट असते. दहा वर्षांनी १०० पैकी ९० च्या आसपास उघड्या असतात. पायाच्या शिरांचं तसं नाही. पहिल्या वर्षातच शेकडा १० ते १५ बंद होतात आणि दहा वर्षांनी निम्म्याच्या आसपास उरतात. पहिल्या महिन्यात बंद झाली तर बहुधा गुठळीने. वर्षभरात झाली तर आतलं अस्तर जाड होऊन. त्यानंतर जी बंद होते ती त्याच जुन्या चरबीच्या थरांनी. म्हणून अ‍ॅस्पिरिन आणि स्टॅटिन जन्मभर, आणि तंबाखू कुठल्याच रूपात नाही, मिश्रीसुद्धा नाही.

समज, दादाच्या थॅलियममध्ये खालच्या भिंतीत छोटासा रिव्हर्सिबल डाग आला. तिथे पायाची शीर लावली असेल तर ती अरुंद झाली असण्याची शक्यता. पण तिथली नळी इतकी बारीक होती की सर्जननी तिला ग्राफ्ट लावलाच नाही, असं ऑपरेशनच्या कागदावर असेल, तर तो डाग पहिल्या दिवसापासूनचाच आहे आणि गोळ्यांवर सांभाळता येतो. एकाच डागाचे दोन अगदी वेगळे अर्थ, आणि कुठला खरा हे त्या एका कागदाशिवाय ठरत नाही. पुढच्या भिंतीत मोठा डाग आला, किंवा हृदयाचं पंपिंग आधीपेक्षा घसरलेलं दिसलं, तर मात्र वेळ काढायचा नाही.

रिव्हर्सिबल आलं की लगेच अँजिओग्राफी, असंही नसतं. ‘इस्किमिया’ नावाची मोठी चाचणी झाली, ५,१७९ रुग्ण, ३७ देश, त्यात भारतही होता. २०२० मध्ये तिचे निकाल छापून आले. मध्यम ते तीव्र रक्त कमी पडणाऱ्या, पण प्रकृती स्थिर असलेल्या रुग्णांत निम्म्यांना आधी अँजिओ आणि गरजेप्रमाणे स्टेंट किंवा बायपास, आणि निम्म्यांना आधी नेटाने औषधं. काही वर्षांनी मृत्यू आणि झटके यांत दोन गटांत ठळक फरक निघाला नाही. ज्यांना छातीचा त्रास जास्त होता त्यांना अँजिओच्या वाटेने आराम जास्त मिळाला. मुख्य डाव्या नळीत अडथळा असलेले आणि पंपिंग फार कमी असलेले त्यात नव्हते, त्यांना हे लागू नाही. म्हणून डॉक्टरांना विचार, “घाई आहे की औषधं वाढवून बघता येईल?” चांगले डॉक्टर या प्रश्नाने रागावत नाहीत.

आणखी एक सांगते, ते मी आमच्या खोलीतही बोलत असे. काही त्रास नसताना दरवर्षी वाढदिवसाला टीएमटी करण्याची पद्धत पडली आहे, ती बरी नाही. अमेरिकेच्या हृदयरोगतज्ज्ञांच्या संघटनांनी २०२३ मध्ये स्पष्टच लिहिलं, की प्रकृतीत बदल नसेल तर ठरावीक काळाने नुसती तपासणी म्हणून अशी चाचणी करू नये, फायदा दिसत नाही. उगाच पॉझिटिव्ह निघणाऱ्यांची अँजिओ होते, आणि तिचे स्वतःचे धोके असतात. दादाला गेल्या महिन्यात चढावर नवा दम लागायला लागला म्हणून चाचणी केली, ते योग्यच झालं.

बसल्याजागी छातीत दुखायला लागलं, किंवा आधी दहा जिन्यांवर येणारं दडपण दोन पायऱ्यांवर यायला लागलं, तर मात्र ट्रेडमिलची तारीख घ्यायची नाही. अशा हृदयाला पळवायचं नसतं. त्याला खाली बसवून डॉक्टरांनी दिलेली सॉर्बिट्रेट जिभेखाली ठेवायला द्यायची आणि १०८ लावायचा. स्वतः गाडी चालवत जायचं नाही, त्यानेही नाही आणि घाबरलेली असताना तूही नाही. स्थिर प्रकृतीच्या माणसाला चाचणीचा धोका फार कमी असतो. १० हजारांत एखादा मृत्यू असा जुना हिशेब आहे, आणि तोही खोलीत डॉक्टर आणि शॉकचं यंत्र हजर असताना. तेवढं डोळ्यांनी बघून घे.

आणि तो ऑपरेशनचा कागद. तू पाठवलेल्या डिस्चार्ज कार्डावर नुसतं ‘सीएबीजी × ३’ आहे. कुठली शीर कुठल्या नळीला लावली, कुठली नळी सोडून दिली, हे त्यावर नाही. ते ‘ऑपरेटिव्ह नोट’मध्ये असतं. रुग्णालयाच्या मेडिकल रेकॉर्ड विभागात दादाच्या सहीने साधा अर्ज दे, सोबत त्याच्या आधारची आणि डिस्चार्ज कार्डाची झेरॉक्स जोड, आणि पोच घे. ऑपरेशनआधीच्या अँजिओची सीडीही त्याच अर्जात माग. २००२ च्या मेडिकल कौन्सिलच्या नियमांप्रमाणे मागितल्यापासून ७२ तासांत कागद द्यावे लागतात. पण त्याच नियमांत दाखल रुग्णाचे कागद उपचार सुरू झाल्यापासून ३ वर्षंच जपून ठेवण्याचं बंधन आहे. दादाला तिसरं वर्ष या दिवाळीला पुरं होतंय. थॅलियमच्या तारखेआधी अर्ज देऊन ये.